जुन्या खाणीचा कौल

नाय नाय, पुढे नका येऊ शेठ, तिथंच खांबाजवळ बसा — आणि पंच्याने वारा घालू नका. वारा लागून कळा पडला तर तो कौल धरत नाय, मग पुन्हा पहिल्यापासून सगळं गाऱ्हाणं. तुम्ही घाटावरचे, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. हे बघा, आमच्या नवलाई देवीच्या पाषाणाला दोन कळे, फुलांच्या कळ्या हो, चिकटवलेत — एक तिच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. नुसत्या पाण्याने चिकटवलेत, गोंद नाय, काय नाय. मघाशी मी मोठ्याने काय बोललो ते ऐकलंत ना? ‘आई, हे कंत्राटदार शेठ कोल्हापुराकडून आलेत, खाडीवर मोटारीचा पूल बांधतायत, आणि खोतांची बंद पडलेली चिऱ्याची खाण परत चालू करायची म्हणतायत. तुझी मर्जी असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे.’ झालं. उजवा आधी पडला की होय, डावा आधी पडला की नाय, आणि पडेपर्यंत आपण बसायचं. किती वेळ? ते मी कसं सांगू? ती काय लांज्याची मोटार आहे टायमाला सुटायला? खोतांनी होकार दिलाय, ठाऊक आहे मला, तो खिशात असू दे. खोत जमिनीचे मालक, पण हिने होय म्हटल्याशिवाय गावातला एक गडी टिकावाला हात लावायचा नाय. आणि मला म्हणाल तर मला काय? मी धाकू गुरव. कळा लावायचा आणि वाट बघायची. खाण चालली तरी फोडलेल्या नारळाची अर्धी कवड मला, बंद राहिली तरी नारळाची कवड मला. माझ्या मनात उजवं नाय, डावं नाय.

आता दगडाचं म्हणाल तर — तुम्ही विचारलं नाय, पण मी आपला सांगतो — दगड तिथला पोचट. अगदी पोचट हो. चिरा काढला की हातात भुगा. त्याच्यावर मोटारीचा पूल बांधाल आणि पहिल्याच मोटारीला... काय? हे देऊळ? हो, हे देऊळ त्याच खाणीतल्या चिऱ्यांचं. खोतांचं घर, पायऱ्यांची विहीर, बंदरावरचा धक्का — सगळं तिथलंच, पेशवाईपासूनचं. कुठे तडा नाय म्हणता? नाय ना, बघतोय मीसुद्धा, रोज बघतो. पण तो वरचा थर हो! वरचा चांगला थर सगळा जुन्या खोतांनी काढून संपवलान. आता खाली उरलंय ते नुसतं पिवळं, मऊ, बोट घातलं तर बोट जाईल. मी कुठे बघितलं? मी नाय बघितलं. मी कशाला खाली उतरू? लोक सांगतात ते मी सांगतो.

आणि राखणदार आहे तिथे. हसलात? घाटावर जाऊन हसा, इथे हसू नका. मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. तिन्हीसांजा झाल्या की खाणीच्या तळाला कंदील फिरतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात करकरत्या वहाणा. कंदील पुढे जातो, थांबतो, खाली वाकतो, मग पाणी ओतल्याचा आवाज येतो — भस्स करून. मग पुढच्या आळ्यापाशी जातो, तिथे परत पाणी. आळं कुठे म्हटलं मी? कोपरा म्हटलं. पुढच्या कोपऱ्यापाशी. आता राखणदार पाणी कशाला ओततो ते मला काय ठाऊक, त्याची मर्जी, तहान लागत असेल. आणि एकदा तर भलतंच झालं, चिऱ्याला ठेच लागून अंगठ्याचं नख उपसलं, रक्ताची धार, मी हळद दाबून धरली तरी थांबेना — कितीदा सांगितलं, बाई गं, पायात वहाणा घालत जा, पण ऐकेल तर शप्पथ! कोण बाई म्हणजे? राखणदार हो. राखणदारीण आहे तिथली. असतात, बायकाही असतात. वहाणा मघाशी म्हटलं त्या — त्या दुसऱ्याच्या. दोघं आहेत. मोठी खाण आहे, एकाच्याने राखवत नाय.

असं बघू नका हो माझ्याकडे, पाषाणाकडे बघा. पाणी अजून ओलं आहे, कळे चांगले घट्ट बसलेत. तोवर तुम्हाला गंमत सांगतो, खाण बंद का पडली ती. ही खरी आहे, हिच्यात राखणदार नाय. आताचे खोत आहेत ना, दाजी, तुमचे हे होकारवाले — त्यांचे वडील, थोरले खोत. त्यांना एकदा वाटलं, आपल्या एवढ्या मोठ्या आगराला, आंब्यांना, फणसांना कुंपण म्हणून दगडी गडगा असावा. गावची गुरं शिरतात, पोरं कैऱ्या पाडतात. बरं, चिरे बाहेरून कशाला आणा, आपल्याच आवारात खाण आहे! झाली सुरुवात. एक बाजू बांधून झाली, खाण थोडी पसरली. खाणीच्या तोंडाशी दोन आंबे होते, तोडले. दुसरी बाजू बांधली, फणसांची ओळ गेली. लोक म्हणाले, खोतांनू, आता पुरे. पण खोत ते! म्हणाले, अर्धा गडगा बांधून ठेवू काय, लोक हसतील. तिसरी बाजू बांधली, काजू गेले. आणि चौथ्या बाजूचा शेवटचा चिरा बसला त्या दिवशी मोठा नारळ फोडला, सगळ्या गावाला जेवण घातलान, आणि मग थोरले खोत आत वळून बघतात तर काय — चारी बाजूंनी छातीएवढा देखणा गडगा, आणि आत खड्डा! राखायला झाड उरलं नव्हतं हो! आमचा महिपत मुकादम, त्यानेच सगळे चिरे काढलेले, तो गरीब चेहरा करून म्हणाला, ‘खोतांनू, आता गुरं शिरली तर पडून मरतील, गडगा कामाचाच आहे.’

हसा, हसा, आता हसायला हरकत नाय. सगळा गाव हसला. आरे-वाऱ्याच्या बाजूचे लोक मुद्दाम बघायला यायचे, खोतांचा खड्डा कुठे म्हणून विचारत. थोरले खोत त्यानंतर फार दिवस नाय जगले. आणि हे दाजी खोत, ह्यांनी अशी लाज धरलीन की त्या वाटेने जाणंच सोडलंन. तिकडचं फाटक बंद करून वर करवंदीची काटी टाकली, आणि त्यांच्यासमोर कुणी खाण हा शब्द काढायचा नाय. तेव्हापासून तिथे कुणी फिरकत नाय, म्हणून तर बरं झालं... बरं म्हणजे, वाईट झालं. गावाचं वाईट झालं. गड्यांना काम राहिलं नाय, गेले मुंबईला. मी आपला नुसतं सांगतो.

कळा? अजून नाय. डावा जरा सैल झालाय का हो? मला वाटतं डावा सैल झालाय. तुम्हाला नाय वाटत? बरं. भूक लागली असेल, उन्हं किती वर आलीत. ही घ्या केळी. घ्या घ्या, देवीपुढची नाय, माझ्या घरची आहेत. म्हणजे बाजारची. लांज्याच्या बाजारातून आणली. सोलून तर बघा. कशी आहेत? ...काय, लांज्याची केळी एवढी गोड असतात ठाऊक नव्हतं? ह्यॅ! लांज्याच्या केळ्याला ही चव येणार? काय बोलता शेठ, तोंड आहे की काय आहे तुम्हाला! लांज्याचं केळं म्हणजे नुसता पिठाचा गोळा. हे केळं बघा, साल कशी पातळ, आत केशरी झाक — ह्याला वहाळाचा गाळ लागतो, शेणखत लागतं, वाऱ्यापासून आडोसा लागतो आणि तळाशी बारमाही ओल लागते. हे उघड्या कातळावर येईल? जन्मात नाय. हे खाली खोल, चारी बाजूंनी चिऱ्याची भिंत आणि वर ऊन — अशा ठिकाणी...

हां. आता तुम्हाला कळलंच. तोंडाला कुलूप म्हणून नाय माझ्या, आमची ही रोज सांगते. म्हणते, ‘तुमच्याकडे देवी बोलत नाय, कारण तुम्ही तिला बोलू देत नाय.’ बरं, ऐका तर सगळंच ऐका, पण दाजी खोतांच्या कानावर गेलं तर मी तुमचा शेठ म्हणून मान ठेवणार नाय.

आमची ही, येसूबाई म्हणतात तिला गावात — लग्न होऊन आली तेव्हापासून गुरवाचं खाते. गुरवाचं खाणं काय असतं ठाऊक आहे? कुणाचं पोर तापातून उठलं, त्याने नवसाचा नारळ दिला, आम्ही चटणी केली. कुणाची म्हैस व्याली, त्याने दूध घातलं, आम्ही चहा प्यायलो. तांदूळ देवीपुढचे, गूळ देवीपुढचा, केळंसुद्धा कुणाच्या तरी काळजीचं. मला नाय त्याचं काही, माझा बाप तेच खात आला. पण ही एकदा ताटावरून उठली. म्हणाली, ‘जन्मभर दुसऱ्याचे नवस जेवतेय मी. मेल्याआधी एकदा माझं स्वतःचं पिकवून खाईन.’ आता पिकवणार कुठे? जमीन सगळी खोतांची. उरला कातळ, त्याच्यावर पावसाळ्यात गवत येतं आणि दिवाळीला जळून जातं. तर ही बया हुडकत हुडकत खाणीत उतरली! चिरे काढताना पायऱ्या राहिल्यात ना भिंतीला, त्यांवरून. खाली गेली आणि म्हणते, इथे वारा नाय, पाणी आहे, खोत बघत नाय — फक्त माती नाय. मग माती आणलीन. पाऊस सरला की वहाळात गाळ बसतो, तो टोपलीत भरायचा, डोकीवर घ्यायचा, कातळ चढायचा, खाण उतरायची. टोपली टोपली करून. मी म्हटलं, वेडी झालीस. म्हणाली, तुम्ही कळे लावा. किती वर्षं वाहिलीन ते मला विचारू नका, तिची मान बघा, एका बाजूला कललेली आहे ती त्यानेच. आता खाली जाऊन बघा तुम्ही — नाय, जाऊ नका — पण गेलात तर बघा, हळद आहे, सुरण आहे एकेक असला की दोन हातांत मावत नाय, मिरच्या, अळू, केळी. आणि ती रांधते ना शेठ, सुरणाच्या कापा तळून ताटात वाढते, तेव्हा वाढून झालं तरी जात नाय, उभी राहते, माझ्या तोंडाकडे बघत. पहिला घास मी खातो आणि ती विचारते, ‘कुणाचं आहे?’ मी म्हणतो, ‘तुझं आहे.’ मग ती आत जाते. रोज विचारते. रोज मी सांगतो.

तुमचे गडी पहिल्या दिवशी काय करतील? माती उपसून बाहेर टाकतील. तिथे चिरे काढायचे तर माती काढायलाच पाहिजे, मला कळत नाय काय? त्यात तुमचा दोष नाय, पूल व्हायला पाहिजे, खाडीत होडी उलटते दरसाल. पण शेठ, एवढा कोकण पडलाय. कातळच कातळ आहे, जिथे टिकाव माराल तिथे चिरा निघेल. तुम्ही आपणहून म्हणालात ना, मला ही खाण नको, की मग कौलाचं कामच संपलं. मी कळे काढून घेतो, तुम्हाला नारळ देतो, वाटेला लागा. काय म्हणता? ...शेठ? ओ शेठ?

झोपले! बघा आता, बघ गं आई — माणूस झोपला. केळी खाल्लीन, खांबाला टेकला आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागला. कुठपर्यंत ऐकलंन कोण जाणे. मी एवढा जीव तोडून — जाऊ दे. बरंच झालं. झोपू दे. झोपलेला माणूस वाद घालत नाय.

तर आई, आता आपण दोघंच. बोलायचंच तर मोकळं बोलतो. मघाशी म्हटलं ना, माझ्या मनात उजवं नाय, डावं नाय, ते त्याला सांगायचं असतं. तुला ठाऊकच आहे. डावा दे. पुलाला दगड मिळेल गं कुठेही, येसूला दुसरी खाण नाय मिळायची. सकाळी ती चुलीपुढे बसून होती, मी टोपी घातली तरी वर बघितलंन नाय, मला भांडण परवडलं असतं. डावा दे. तो बघ सैल झालाच आहे, नुसता एका पाकळीवर टेकलाय, एवढंसं...

पडला.

नाय. नाय, थांब. हा कुठून पडला? डावा तर तिथेच आहे. डावा आहे... उजवा. वारा आला का? वारा नाय. तुळशीचं पान हलत नाय बाहेर. पाल फिरली का? पालही नाय.

हे काय केलंस गं.

बरं, ऐक. हा झोपलाय. तू बघितलंस, मी बघितलं, तिसरा कुणी नाय. हा उजवा उचलायचा, ओला करायचा, परत लावायचा, आणि तो डावा — नुसतं बोट लावलं तरी पडेल, बोटही कशाला, जरा मोठ्याने खोकलो तरी पडेल. मग ह्याला उठवायचं आणि म्हणायचं, शेठ, वाईट वाटतं, पण देवीने नाय म्हटलंन. हा जाईल. येसू हळद काढेल. कुणाचं काय बिघडलं? सांग ना, कुणाचं बिघडलं? तुझं बिघडलं? तू रागावशील तर माझ्यावर रागाव, माझा हात झडू दे, मी कुठे नाय म्हणतोय.

पण तूच बघ आई, घोळ कसा आहे तो. येसू खाणीत उतरण्याआधी इथे आली होती. आठवतं तुला? आंघोळ करून, ओल्या केसांनी. म्हणाली, ‘खोताची जागा आहे, चोरी नको व्हायला. देवी होय म्हणाली तर उतरेन, नाय म्हणाली तर पुन्हा नाव काढणार नाय.’ ह्याच पाषाणाला मी कळे लावले होते, ह्याच हातांनी. आणि उजवा पडला होता. ती केवढी हसली होती गं! त्या एका उजव्यावर तिने सगळी माती वाहिलीन. खोत बघेल म्हणून भ्याली नाय, सापाला भ्याली नाय. मला म्हणायची, मी चोर नाय, मला देवीने दिलंय. आज मी ह्या उजव्याला डावा म्हटलं, तर तेव्हाचा उजवा कुणी पाडला होता? तोही धाकू गुरवानेच, असं नाय का होत? मग ती जेवायला वाढून विचारेल, कुणाचं आहे — तेव्हा मी काय सांगू?

असंच करायचं होतं तर माझ्या जागी दुसरा कुणी बसवायचा होतास. दगड आहेस तू. त्याच खाणीतली आहेस, मला ठाऊक आहे.

शेठ. ओ शेठ, उठा. उठा, कौल झाला. डोळे पुसा आणि इकडे बघा. हा खाली पडलाय तो उजवा. होय, उजवाच, तुमच्या मनासारखं झालं. देवीने होय म्हटलंन. हसू नका एवढे, देवळात आहात. गड्यांना मी सांगतो, उद्या येतील. महिपतचा पोरगा आहे अजून गावात, त्याला मुकादम करा, चांगला आहे. दगड? दगड उत्तम आहे. पोचट मघाशी म्हटलं ते विसरा, नाय नाय, राखणदारही विसरा. आणि मघाशी मी बोलत होतो ते कुठपर्यंत ऐकलंत तुम्ही? गडग्यापर्यंत? बरं झालं. पुढे काही नव्हतं विशेष.

नाय, दक्षिणा नको. नारळ पण पूर्ण न्या, कवड नको मला आज. मागायचं असलं तर एकच — परवा सुरू करा. उद्याचा एक दिवस सोडा. देवीची अट नाय ही, देवीने अट घातलेली नाय, मी मागतोय. हळद काढायची आहे. कुणाची म्हणजे? आहे एका बाईची.

आणि आता निघा. ह्या वरच्या पाखाडीने नका जाऊ, त्या वाटेवर माझं घर लागतं. ती पडवीत उभी असेल, तुमचं तोंड बघितलं की तिला कळेल, आणि ते तिला तुमच्या तोंडावरून कळायला नको. तिला मी सांगणार आहे. खालून जा, शेतांतून. जा म्हणतो ना. जा.